मिथेन, ऑक्सिजन आणि वरचा मजला

३ फेब्रुवारी
आजपासून रोजनिशी. फक्त स्वतःसाठी. शोध लागल्यावर तारखांचा घोळ नको.

विमा कंपनीत सर्व्हेयर होतो. नोकरीभर लोकांचे खोटे क्लेम पकडले. आता रिटायर झालो, तर एक खरा क्लेम शोधावा म्हणतो : दूरच्या ग्रहांवर जीव आहे का. दुर्बिणीचा डेटा वेबसाइटवर फुकट मिळतो. ग्रह ताऱ्यासमोरून जाताना ताऱ्याचा प्रकाश त्या ग्रहाच्या हवेतून गाळून येतो. हवेत जो वायू असेल त्याची आलेखात खाच पडते. मिथेन आणि ऑक्सिजन एका घरात फार दिवस नांदत नाहीत. दोन्ही सापडले, तर तिथे कोणीतरी ते सारखं नव्याने सोडत असलं पाहिजे. म्हणजे जीव. सोपं आहे.

बायकोला सगळं समजावलं. ती म्हणाली, बाथरूमचा बल्ब आणलात का. विषयाला धरून बोलायची सवयच नाही.

९ फेब्रुवारी
बायको बहिणीकडे गेली. दारात उभी राहून बराच वेळ काहीतरी सांगत होती. मी आलेखात होतो, हूं म्हणालो.

बरंच झालं. शांतता मिळेल. संकल्प : सकाळपासून सलग काम. स्वयंपाक स्वतःचा स्वतः.

१० फेब्रुवारी, दुपारी
शांतता नाही. वर कोणीतरी चालतंय.

वरचा मजला गेल्या वर्षापासून बंद आहे. तिथे मास्तर एकटे राहायचे. खुर्चीत बसल्या बसल्या गेले आणि दोन दिवस कोणाला कळलं नाही. मी खालीच होतो, पण रिपोर्टच्या गडबडीत. मालक परगावी असतो. किल्ली बायकोकडे, अधूनमधून झाडून घ्यायला.

निष्कर्ष : पाइप. उन्हाने तापतात आणि वाजतात.

१२ फेब्रुवारी
पाइप खुर्चीसारखा सरकतो. आधी एक लांब घासल्यासारखा आवाज, मग ठक्क. मास्तरांची खुर्ची लाकडी होती.

मी भुतंखेतं मानत नाही. रेडिओ मोठा लावला.
स्वयंपाक : ब्रेड.

१५ फेब्रुवारी
सापडलं. मिथेनची खाच आणि ऑक्सिजनची खाच, एकाच आलेखात. वेबसाइटवर शंकांसाठी वेधशाळेतल्या एका बाईंचा पत्ता आहे, त्यांना लगेच मेल केला. बायकोला सांगावं म्हणून आत हाक मारली. मग आठवलं, ती नाही.

हाक मारली तेव्हा वरची पावलं थांबली. बराच वेळ थांबली. योगायोग.

१६ फेब्रुवारी
मेव्हणीकडे फोन करणार होतो. पण आधी फोन कोणी करायचा, हा तत्त्वाचा प्रश्न आहे.

वर काहीतरी जड पडलं, बरोबर माझ्या टेबलाच्या डोक्यावर. छताचा चुना कीबोर्डवर आला. जाब विचारायला निघालो, अर्धा जिना चढलो. पोटरीत गोळा आला, म्हणून परतलो. घाबरण्याचा प्रश्नच नव्हता.

१९ फेब्रुवारी
वर खोकला. कोरडा, मग घसा साफ केल्यासारखा. ओळखीचा. मास्तर असे खोकायचे का ते आठवेना. कोण असं खोकतं तेही आठवेना. दिवसभर हेच डोक्यात.

संध्याकाळी खोलीच्या मधोमध उभं राहून छताला विचारलं, कोण आहे. थोड्या वेळाने नळ सुटला, भांडं विसळल्याचा आवाज आला. मेलेल्या माणसाला भांडी लागत नाहीत. म्हणजे पाइपच. तरी सगळे दिवे लावून बसलो. बाथरूमचा लागला नाही.

२३ फेब्रुवारी
वेधशाळेच्या बाईंचं उत्तर आलं. ही दुर्बीण जमिनीवरची आहे. तारा कितीही लांबचा असो, प्रकाश शेवटी आपल्याच हवेतून येतो. तुम्हाला सापडलेला ऑक्सिजन आणि मिथेन इथलाच आहे, चिकाटीबद्दल आभार.

बाईंना विषय नीट समजलेला दिसत नाही. पुन्हा सविस्तर लिहीन.
ब्रेडला बुरशी. जेवलो नाही.

२४ फेब्रुवारी
सकाळी दूधवाला विचारत होता, वहिनींची पिशवी आज वर ठेवू की इथेच देऊ. म्हटलं, कुठल्या वहिनी. तो म्हणाला, अहो तुमच्याच. वर राहतात ना.

वर गेलो. या वेळी पूर्ण जिना. दार तिने उघडलं, हातात ओलं भांडं.

म्हटलं, तू तर बहिणीकडे होतीस. ती म्हणाली, आधी थोडे दिवस वर राहीन, मालकांना विचारलंय, मग बहिणीकडे जाईन, असं सगळं सांगितलं होतं. तुम्ही हूं म्हणालात.

म्हटलं, मग ते आवाज. ती म्हणाली, खुर्ची मुद्दाम आपटत होते. एकदा स्टूल पाडलं. मला वाटलं, वर याल. भांडायला तरी याल.

मग म्हणाली, मास्तर वर मरून पडले होते आणि खाली आपण दोघं चहा पीत होतो. तेव्हापासून एकच मनात येतं. मी अशी गेले तर तुम्हाला कधी कळेल. ते बघायचं होतं. बघितलं.

जमिनीवरच्या दुर्बिणीची अडचण समजावून सांगितली. तिने शेवटपर्यंत ऐकलं, मधे एकदाही तोडलं नाही. मग दार लावलं. हळूच लावलं.

एकंदरीत चर्चा चांगली झाली.

२५ फेब्रुवारी
ती टॅक्सीने गेली. बॅग मीच उचलणार होतो, पण चपला सापडेपर्यंत ड्रायव्हरने ठेवली. वरची किल्ली टेबलावर आहे. तिकडे बघून काम होत नाही, म्हणून वर्तमानपत्राने झाकली.

४ मार्च
वर काहीच नाही. बसल्या बसल्या छताकडे बघत राहतो. मान दुखते.

बाईंना लिहिलेला सविस्तर मेल पाठवला नाही.

६ मार्च, संध्याकाळी
मेव्हणीला फोन केला. आधी मीच केला. तब्येत विचारली, हवा विचारली. मागे कोणीतरी हसत होतं, अगदी मोकळं, श्वास लागेपर्यंत. मी विचारलं, पाहुणे आलेत का.

ती म्हणाली, नाही भाऊजी, ताईच हसतेय.

आवाज नीट येत नाही म्हणालो आणि फोन ठेवला. आवाज नीट येत होता.