सर्जिकल वॉर्डातला दुखण्याचा भाव

इंदूर, ४ मार्च १९९८

ती. सौ. गंगूअक्कास,
संताजीचा शि. सा. न. वि. वि.

काल ऑपरेशन झालं. पित्ताची थैली खड्यांसकट काढली आणि ते खडे डॉक्टरांनी बाटलीत घालून दुर्गाच्या हाती दिले. ती ते घरी नेणार म्हणते. मी ठणठणीत आहे. तुझे गुडघे तुला बसच्या पायऱ्या चढू देत नाहीत, तेव्हा यायचा हट्ट धरू नकोस. हे पत्र बेटम्याच्या बसचा कंडक्टर गजानन आणून देईल, उत्तरही त्याच्याच हाती पाठव.

इथली गंमत ऐक. वॉर्डात परदेशात शिकून आलेले नवे डॉक्टर आहेत. त्यांनी दुखण्याला आकडे लावलेत. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे जीव जातोय. सिस्टर येऊन आकडा विचारते आणि त्याप्रमाणे गोळी किंवा इंजेक्शन मिळतं. देशात सगळ्याचेच भाव खुले झाले, मग दुखण्याचा का नको? पण वॉर्ड भरलाय आमच्या बंद पडलेल्या मिलच्या लोकांनी, आणि शेजारच्या खाटेवर युनियनचा पुढारी दिनानाथ आहे, हर्नियावाला. त्याने शुद्धीवर येताच मीटिंग घेतली. त्याचं म्हणणं असं की भिया, वीस टक्के बोनस मागायचो तेव्हा कुठे आठ मिळायचा, इधर भी वही हिसाब. कमी बोलायचं नाही. त्यामुळे सगळा वॉर्ड दहा. एकाच्या पाठीवरचं गळू कापलंय, तोही दहा. डॉक्टरही दुधखुळे नाहीत. ते प्रत्येक आकडा निम्मा करून औषध देतात, अगदी आमच्या मॅनेजमेंटसारखे.

मला विचारलं तेव्हा मी दोन म्हणालो. मी विव्हिंग खात्याचा सुपरवायझर, युनियनमध्ये कधी नव्हतो, ते आता खाटेवर पडून होऊ का? शिवाय आपण होळकरांच्या फौजेतली माणसं. पणजोबांच्या दंडातून गोळी काढली तेव्हा त्यांनी हूं की चूं केलं नव्हतं. दिनानाथ माझ्यावर चिडलाय. मी वॉर्डाचा भाव पाडतोय म्हणे.

भाऊजींना नमस्कार. तुझ्या मायेत कपात नसावी.

तुझा
संताजी

बेटमा, ५ मार्च

चि. संताजीस,
अ. उ. आ.

खडे नेऊ दे घरी. लग्नापासून तू तिला दिलेले हे पहिलेच खडे असतील.

दोन हा आकडा काही मला पटत नाही. तुझं अक्षर एरवी कसं आखीव, आणि या पत्रात ओळी उतरणीला लागल्यात. तुझे कान टोचायला सोनार आला होता, तेव्हा तुझा आवाज ऐकून तो दुसरा कान तसाच सोडून निघाला होता. फौजेची आठवण तेव्हा कुठे गेली होती? माझी गर्भाची पिशवी काढली तेव्हा मी अशी ओरडले की बाजूच्या वॉर्डातली माणसं चौकशीला आली. तिथल्या सिस्टरने बजावलं होतं की पोटाशी उशी धरून खोकायचं आणि खोल श्वास घ्यायचा. तू खोकतोस ना? तेवढं मात्र खरं लिही.

तुझे भाऊजी तुला पथ्य पाळ म्हणतात, स्वतः सकाळपासून शेव खाताहेत. जिवाला जप.

तुझी
अक्का

इंदूर, ६ मार्च

ती. सौ. वन्संना,
दुर्गाचा शि. सा. न. वि. वि.

हे पत्र यांना न सांगता लिहितेय. यांनी तुम्हाला ठणठणीत म्हणून लिहिलं असेल. कालपासून ताप आहे. खोकत नाहीत, कुशीवर वळत नाहीत, श्वास वरच्यावर घेतात आणि खाटेचा दांडा घट्ट धरून ठेवतात. डॉक्टर म्हणाले की दुखण्याच्या भीतीने श्वास दाबला तर छातीत कफ साठतो, निमोनिया व्हायला वेळ लागत नाही. मी म्हटलं, मग दुखणं थांबवा ना. तर म्हणाले की पेशंट दोन सांगतात, त्याच्या निम्मं एक, एकाला साधी गोळीसुद्धा जास्तच होते. मी सांगितलं की साहेब, ये झूठ बोल रहे हैं. ते हसले. झूठ तो पूरा वॉर्ड बोल रहा है, म्हणाले, सच्चे तेवढे हेच दिसतात.

वरच्या मजल्यावर नव्या एसी खोल्या झाल्यात. तिथल्या शेठजींनी नुसतं तोंड वाकडं केलं की इंजेक्शन घेऊन सिस्टर धावते, त्यांना आकडा कोणी विचारत नाही. खाली आम्हाला आकडाच आहे, आणि तोही हे धड सांगत नाहीत. वन्सं, मला फार भीती वाटते. ऐकलं तर तुमचंच ऐकतील.

तुमचा हात पाठीवर राहू द्या.

दुर्गा

बेटमा, ७ मार्च

संताजी,

आशीर्वाद शेवटी देईन, आधी ऐक. पणजोबांची गोष्ट आजीने तुम्हा मुलग्यांना अर्धीच सांगितली. दंडातून गोळी काढली हे खरं, चूं केलं नाही हेही खरं. कारण आधी त्यांना अफूची मोठी गोळी चारली होती. माळव्यात अफूला काय तोटा? शिपाई दंड चिरत होते आणि पणजोबा गात होते, तेही बेसूर. अफू उतरल्यावर मात्र सगळी छावणी जागी केली. तुझ्या डॉक्टरांच्या भारी इंजेक्शनातही म्हणे तोच अर्क असतो. तेव्हा घराण्याची रीत पाळायचीच असेल तर मुकाट्याने इंजेक्शन घे.

मला सख्खा भाऊ एकच आहे. तो एका आकड्याच्या ऐटीपायी जावा हे मला सोसणार नाही. सिस्टर आली की खरा आकडा सांग.

उदंड आयुष्याचा आशीर्वाद, आणि तो तुझ्या तोंडून आकडा निघाल्यावरच लागू होईल.

अक्का

इंदूर, ९ मार्च

ती. सौ. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी पणजोबांवर रागावलो. मग सिस्टर आली, तिला नऊ म्हणालो. ती हसली. काकाजी, आप भी युनियन में आ गए क्या, म्हणाली. डॉक्टर आले, त्यांनी नऊचे साडेचार केले, गोळी द्या म्हणाले आणि पुढच्या खाटेकडे वळले. मला त्यांना हाक मारायची होती, पण तेवढाही श्वास पुरेना.

तेव्हा दिनानाथ टाके सांभाळत उठून बसला. डॉक्टरांना म्हणाला की साहब, ये आदमी मॅनेजमेंट का है, आमचं कापड वारभर कमी भरलं तर तेवढंच कमी लिहायचा, त्यासाठी आम्ही याला पोटभर शिव्या दिल्यात. पर खोटा आकडा याने कधी लिहिला नाही, ना आमच्यासाठी ना मालकासाठी. कल तक दो बोल रहा था वो अकड़ थी. आज नौ बोलता है तो नौ है, इसको आधा मत करो. डॉक्टर वैतागले. सगळेच दहा म्हणतात, मी कोणाचं खरं मानू, असं त्यांनी विचारलं, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही.

दिनानाथने वॉर्डावरून नजर फिरवली आणि माझे तीन लिहा म्हणाला. पलीकडून कोणी चार म्हणालं, कोणी दोन. गळूवाला म्हणाला शून्य, मला घरी सोडा. सिस्टरचा लिहायला हात पुरेना. डॉक्टरांनी माझ्यासाठी इंजेक्शन मागवलं.

जरा वेळाने उशी पोटाशी धरून खोकलो. दुर्गाने पाठ धरली होती. आता श्वास तळापर्यंत जातो, ताप उतरतोय, काळजी नसावी.

अक्का, या लोकांनी कुठल्याही साहेबापुढे कधी मागणी मागे घेतली नव्हती. मिल बुडाली तरी घेतली नाही. माझ्यासाठी घेतली, आणि मी तर त्यांच्यातला कधीच नव्हतो. इंजेक्शनने पोटातली कळ थांबली, तरी मला रडू आवरेना. दिनानाथने विचारलं की भिया, अब कितना है. मला आकडा सांगता आला नाही.

लोभ आहेच, तो तसाच राहू दे.

तुझा
संताजी