तीनशे निळ्या पिशव्या

३ जून, सोमवार. सकाळी ६.
नवी वही. पहिलं पान देवासाठी कोरं सोडलं.

बावीस वर्षं शाळेत क्लार्क होतो. आजपासून लोकसहभाग समन्वयक. एचआयव्ही होऊ नये म्हणून एक नवी गोळी आली आहे, तिची चाचणी. आजार नसलेल्या बायकांनी रोज एक गोळी घ्यायची, दर महिन्याला रक्त तपासून जायचं. माझं काम वस्तीला विश्वासात घेणं. चाचणीच्या प्रमुख, मोठ्या मॅडम म्हणाल्या, या कामात बोलायचं कमी, ऐकायचं जास्त. मला हे अवघड नाही. मुळात मी अबोल.

संकल्प : ऐकणे.

६ जून, गुरुवार.
वस्तीतल्या लोकांच्या सल्लागार मंडळाची पहिली मीटिंग, दवाखान्यात. हजर चार. शिलाईवाल्या ताई, सलूनवाला, रिक्षा स्टँडचे अध्यक्ष आणि एक आजी. ऐकण्याचं महत्त्व या विषयावर चाळीस मिनिटं बोललो. कुणी मधे बोललं नाही. आजी डोळे तपासायला आल्या होत्या हे शेवटी कळलं. तरी शेवटपर्यंत बसल्या. याला म्हणतात सहभाग.

शिलाईवाल्या ताईंनी वस्तीतून सगळ्यात आधी नाव घातलं. नवरा ट्रकवर, महिना महिना बाहेर. भाड्याची एक खोली, दोन मुलं, एक मशीन. त्यांनी दोन सूचना केल्या. गोळ्यांची डबी चालताना खुळखुळते, तिच्यात कापसाचा बोळा घाला. आणि डबी न्यायला काही देणार असाल तर साधं द्या, बाजारात मिळतं तसं. दोन्ही सुवाच्य अक्षरात लिहून घेतल्या. 'समुदायाचे मत घेतले' या चौकोनात खूण केली.

जाताना दारात हळूच म्हणाल्या, घरी यांना माहीत नाही हं, काका. पहिल्याच दिवशी एवढा विश्वास! शाळेत बावीस वर्षांत मला कुणी काही हळूच सांगितलं नव्हतं.

११ जून, मंगळवार.
आंघोळ करताना कल्पना सुचली. पिशवी. निळी, जाड कापडाची, वर एड्सविरोधाची लाल रिबन, खाली अक्षरं : मी सहभागी. लपवण्यासारखं काही नसेल तर लपवायचं कशाला? भीती जाते ती अशीच, उजेडात आणून.

मॅडमनी विचारलं, मंडळाशी बोललात ना? म्हटलं, मंडळातल्याच ताई शिवणार आहेत. यात खोटं काही नाही.

तीनशे पिशव्यांचं कापड ताईंच्या खोलीवर पोचवलं. त्यांनी नमुना उलटसुलट करून पाहिला. म्हणाल्या, "काका, रिबन आतल्या बाजूने लावू का?"
मला हसू आलं. म्हटलं, आतून लावलेली रिबन दिसणार कुणाला?
"तेच म्हणते मी."
कष्टाळू बाई. पण प्रचाराची दृष्टी नाही.

२० जून, गुरुवार.
एकशे दहा पिशव्या वाटल्या. शिलाई पक्की, दुहेरी. ताईंनी स्वतःची पिशवी घडी घालून पदराखाली धरली. म्हटलं, अहो, खांद्याला लावा की, पहिला मान तुमचा. लावली.

वस्तीत पोरं मला पिशवीवाले काका म्हणायला लागली आहेत. लोक नाव देतात ते आपलं मानल्यावरच.

कापसाचं राहिलं. बघू.

१ जुलै, सोमवार.
तपासणीला एकशे दहापैकी पासष्ट आल्या. कारण : पाऊस.

संकल्प : उद्यापासून घरभेटी. खांद्याला पिशवी, गळ्यात ओळखपत्र. माणसाने उघडपणे जावं.

३ जुलै, बुधवार.
अकरा घरं केली. नऊ ठिकाणी चुकीचं घर म्हणून सांगितलं. पैकी एका बाईला मी स्वतःच्या हाताने पिशवी दिली होती. पत्त्यांची यादी नव्याने करायला हवी.

प्रतिसाद मात्र उत्तम. मी दार वाजवलं की शेजारपाजारचे सगळे बाहेर येऊन उभे राहतात.

५ जुलै, शुक्रवार.
तपासणी चुकलेल्या पंचेचाळीस जणींना आज पुन्हा बोलावलं होतं, चार आल्या. पाऊस नव्हता.

सलूनमध्ये गेलो. शेजारचं गिऱ्हाईक उठून पलीकडच्या खुर्चीत जाऊन बसलं. तिकडे पंखा आहे. सलूनवाल्याने सांगितलं, पिशवी दिसली की लोक म्हणतात, हिला झालाय. एका गालाला साबण असताना मी त्याला सगळं समजावलं : ही चाचणी निरोगी माणसांचीच आहे, आजार असेल तर यात घेतच नाहीत. त्याने नीट ऐकलं. मग म्हणाला, "काका, तुम्ही खरंच सांगताय. पण तुम्ही समजवायला पोचायच्या आधी पिशवी पोचते."

दाढी अर्धी झाल्यावर त्याने नवं ब्लेड काढलं. स्वच्छतेबद्दल त्याचं कौतुक केलं. त्याने जुनं ब्लेड कागदात गुंडाळून टाकलं.

९ जुलै, मंगळवार.
बायकोने परवा माझी पिशवी बाजारात नेली होती. भाजीवालीने सुटे पैसे हातावर न ठेवता तराजूत टाकले म्हणे. हिने दोन दिवसांनी सांगितलं. पिशवी टेबलावर उलटी करून ठेवली आणि विचारलं, अशा किती जणींना दिल्यात? म्हटलं, एकशे दहा. "अरे देवा," म्हणाली. रोज देवापुढे मी बसतो, पण अशी हाक मला कधी जमली नाही.

उद्या मॅडमना सांगावं का? पण आकडे सुधारल्यावर सांगितलेलं बरं.

१२ जुलै, शुक्रवार.
रक्त तपासणाऱ्या सिस्टरने सांगितलं, घरमालकिणीने शिलाईवाल्या ताईंना महिनाअखेर खोली सोडायला सांगितली. नळ आणि मोरी सामायिक, इतर बिऱ्हाडं तक्रार करतात. गिऱ्हाईकं कापड परत नेताहेत. एकीने बाह्या न लावलेलं ब्लाउज तसंच उचलून नेलं.

सिस्टर म्हणाली, तुम्ही काही करू नका, मी आणि मॅडम बघतो. मला कसं स्वस्थ बसवेल? एवढ्या विश्वासाने ताईंनी मला काका म्हटलं. सकाळी प्रार्थनेला दुप्पट वेळ बसलो. उत्तर मिळालं : जा आणि सत्य सांग. आवाज माझ्यासारखाच होता, पण तो तसाच असतो.

१३ जुलै, शनिवार. दुपारी २.
घरमालकिणीकडे गेलो. पिशवी सवयीने खांद्याला होती. बाईंना कमी ऐकू येतं, म्हणून अंगणात उभं राहून मोठ्याने सांगावं लागलं. सांगितलं की ताई पूर्ण निरोगी आहेत. दर महिन्याला आम्ही त्यांची एचआयव्हीची तपासणी करतो, आणि होऊ नये म्हणून त्या रोज गोळी घेतात.

जिन्याखालच्या नळावर एक माणूस तोंड धूत होता. खांद्यावर टॉवेल, पायात नव्या चपला. त्याने तोंड पुसलं आणि विचारलं, "कुणापासून होऊ नये म्हणून?"

ताई दारात उभ्या होत्या. त्यांच्या हातात कात्री होती, ती त्यांनी हळूच मशीनवर ठेवली.

नवरा आजच परत आला होता. मला माहीत नव्हतं. हे इथे लिहून ठेवतो की मला माहीत नव्हतं.

१३ जुलै. संध्याकाळी.
पण घरी माहीत नाही, हे मला माहीत होतं. ६ जूनच्या पानावर आहे.

१५ जुलै, सोमवार.
खोलीला कुलूप. नवरा त्याच संध्याकाळी ट्रक घेऊन गेला. ताई मुलांना घेऊन काल गेल्या. खिडकीतून पाहिलं. फरशीवर मशीनच्या पायांचे चार डाग आणि निळ्या दोऱ्याचा गुंता. पत्ता कुणाला माहीत नाही. मला तर कुणीच सांगणार नाही. आज मला चुकीचं घर असंही कुणी म्हटलं नाही. दारंच उघडली नाहीत.

१६ जुलै, मंगळवार.
मॅडमनी फाइल मागवली. ६ जूनच्या दोन्ही सूचना मोठ्याने वाचल्या. मग पुन्हा एकदा वाचल्या, या वेळी हळू. शाळेत माझ्या अक्षराची तारीफ व्हायची. एकेक शब्द स्वच्छ वाचता येत होता.

म्हणाल्या, पिशव्या परत घ्या. आणि तुम्ही आता कुणाच्या घरी जाऊ नका.

२२ जुलै, सोमवार.
तीनशेपैकी एकशे नव्वद न वाटलेल्या पडून आहेत. रिबन आणि अक्षरं उसवून साध्या करायचं ठरवलं. मीच सुचवलं. दिवसाला वीस धरल्या. आज तीन झाल्या. दुहेरी शिलाई, ब्लेडने बोट कापलं. बायको समोर येऊन बसली, तिच्या सात झाल्या.

रिबन निघते. टाक्यांची भोकं राहतात, रिबनच्याच आकाराची. पाण्यात भिजवून, चोळून, इस्त्री फिरवून पाहिलं.

२ ऑगस्ट, शुक्रवार.
सिस्टरला विचारलं, ताईंचं काय? म्हणाली, गोळी चालू आहे. कुठे, कशी, ते विचारू नका.

संध्याकाळी बायको बाहेर निघाली. हातात बाजारातली साधी पिशवी, आत ब्लाउजचं कापड आणि कापसाची गुंडाळी. विचारलं, कुठे टाकतेस शिवायला?
"ते तुम्हाला सांगायचं नाही असं ठरलंय."
"कुणाचं ठरलंय?"
"आमचं."
म्हटलं, मला फक्त माफी मागायची आहे. दोन मिनिटं. बोलणारसुद्धा नाही फार.
बायको चपला घालत म्हणाली, "त्या म्हणाल्या, काका येतो म्हणतील. त्यांना सांगा, येऊ नका."

ती गेल्यावर मीही चपला घातल्या. जिन्याच्या तिसऱ्या पायरीपर्यंत गेलो. वरून ती कोपऱ्यावर वळताना दिसली. मागे जाणं अवघड नव्हतं. पायरीवर थोडा वेळ बसलो आणि परत वर आलो. चपला काढल्या.

आजचा अहवाल.
घरभेटी : एकही नाही.
समुदायाची सूचना : येऊ नका.
अंमलबजावणी : केली.