एका पायडलवर दोघं

३ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

मी इथं ठीक आहे. मामाही ठीक, निदान जेवणाच्या बाबतीत तरी. फोन सोडून पत्र का, म्हणशील. फोन कॅन्टीनमध्ये, त्याला चिकटून मुकादम बसलेला, आणि मामांचे कान किती तिखट ते तुला माहीतच आहे. अक्षर लावून घे, सहावीपर्यंतची शाळा एवढंच देते.

बातमी अशी की बोगद्यात आमच्या सायकलींना आता मीटर लागले. आमचं काम तुला ठाऊक आहे. डोंगराच्या पोटातून पाण्याचा मोठा नळ जातो, त्याच्या कडेनं सायकल मारत कुठं गळतंय का बघायचं. सकाळी सातला आत, साडेबाराला बाहेर. आत एक फाटा आहे, तिथून मामा डावीकडे जातात, मी उजवीकडे. मागच्या वर्षी एक जण आत पडून राहिला आणि संध्याकाळपर्यंत कुणाला पत्ता नव्हता, म्हणून ही भानगड. पाय मिनिटाला किती फेरे मारतात ते मीटर मोजतो आणि भिंतीवरच्या तारेतून तो आकडा मुकादमाच्या पडद्यावर जातो. माणूस कुठं आहे ते दिसत नाही, पाय फिरतायत एवढंच दिसतं. पाच मिनिटं थांबले की घंटा वाजते आणि गाडी आत धावते.

कुठला मीटर घ्यायचा ते ठरवायचं काम मुकादमानं माझ्यावर टाकलं, कारण मी नको तिथं तोंड उघडतो. तीन नमुने होते. एकाला वायर, ती दोनदा माझ्या पायात आली. दुसऱ्याचं लोहचुंबक पायडलच्या दांडीला आणि डबी फ्रेमला. दोघांची तोंडं जुळवता जुळवता माणूस म्हातारा व्हायचा. तिसऱ्याची डबी काडेपेटीएवढी, रबरी पट्ट्यानं दांडीला बांधली की झालं. वरचे आकडे पण मोठे, मामांना चष्म्याशिवाय दिसतील असे. तोच घेतला. मुकादम म्हणाला, जन्मात पहिल्यांदा डोकं वापरलंस.

मामांना मात्र तो डोळ्यासमोर नको झालाय. त्यांना दम लागतो, मध्ये मध्ये बसावं लागतं. दहा दिवसांत दोन घंटा झाल्या. तिसरी झाली की डॉक्टरी तपासणी, आणि त्यात हा माणूस पास होत नाही. नोकरी गेली की खोलीही गेली.

पोरांना पापे. भावोजींना सांग, लोभ आहे तेवढा राहू द्या, मी काही तो झिजवत नाही.

तुझा भिंगरी

११ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. तुझं अक्षर म्हणजे कोंबडी शाईत पाय बुडवून गेलीय, पण लागलं. तुझ्या मीटरचं ऐकून भावोजी म्हणाले, एक हिच्या शिलाई मशीनच्या पायट्याला लावू. मी म्हटलं लावा, मग कळेल घरात कुणाचे पाय किती चालतात.

मामांना माझ्याकडे पाठव. दोन खोल्यांत सहा माणसं आहेत, सातवं मावेल. ते म्हणतील, भाचीच्या दारात बसून खाणार नाही. आई गेल्यावर आपल्या दोघांना त्यांनी उचलून नेलं, तेव्हा आपण कुणाच्या दारात बसलो होतो ते विचार त्यांना.

आणि तू काही शहाणपणा करू नकोस. तुला युक्ती सुचली की इथं मला ठसका लागतो. पोरं तुझी आठवण काढतात. माया आहे, कळवत राहा.

ताई

२० फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

ठसका लागला असेल तर पाणी पी. तुझा निरोप मामांना सांगितला. ते बराच वेळ बुटाची लेस बांधत बसले आणि मग म्हणाले, तिचं बरोबर आहे, पण अजून माझे हातपाय चालतात.

आता युक्ती ऐक. फाट्यापर्यंत आम्ही बरोबरच जातो. तिथं मी मामांची डबी सोडवतो आणि माझ्या सायकलच्या दुसऱ्या दांडीला बांधतो. डाव्या पायाला मी, उजव्या पायाला मामा. मी पाय मारले की दोघांचे फेरे पडद्यावर. मामा आपले त्यांच्या बाजूला निवांत फिरतात, वाटेल तिथं बसतात. बाराच्या पुढं फाट्यावर भेटायचं, डबी परत द्यायची आणि साळसूदासारखं बाहेर. दोन आठवडे झाले, एक घंटा नाही. मुकादम म्हणतो, रक्ताचं नातं बघा, मामांचे बासष्ट तर भाच्याचेही बासष्ट. कॅन्टीनमध्ये सगळ्यांना सांगत सुटलाय. मी हसतो आणि ताटात बघतो.

मामा खूश आहेत. परवा त्यांच्या डाव्या हातातून चहाचा कप सुटला, तेवढं सोडलं तर. म्हणाले, मुंग्या येतात, वयाचं आहे.

लोभ कमी करू नकोस, वर आणखी थोडा घाल.

भिंगरी

२७ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

आशीर्वाद आहेतच, पण आज नीट ऐक. कप सुटल्याचं वाचलं आणि मशीनवरचं कापड तसंच टाकून लिहायला बसले. मामा आत पडले तर कुणाला कळणार? घंटा त्यांच्यासाठी आहे ना? त्यांच्या गळ्यातून ती काढून तू तुझ्या पायाला बांधलीस. नोकरी जाऊ दे, खोली जाऊ दे. हे पत्र हातात पडेल त्या दिवशी ती डबी त्यांच्या सायकलला लाव, आणि हात डॉक्टरला दाखवा. उत्तर लिहीत बसू नकोस, लावली एवढाच फोन कर. मुकादम ऐकतो तर ऐकू दे.

ताई

६ मार्च

ती. ताईस,

फोनवर फक्त मामा दवाखान्यात आहेत एवढंच बोललो, कारण मुकादम शेजारी उभा होता. आता सगळं लिहितो.

तुझं पत्र रविवारी मिळालं. मामांना वाचून दाखवलं. ते म्हणाले, उद्याचा एक दिवस, परवा मी स्वतः मुकादमाला सांगतो. मी हो म्हटलं. ताई, मी हो म्हटलं.

सोमवारी सव्वासातला फाट्यावर डबी काढून घेतली. मामा कंदील लावून डावीकडे गेले. मी बारा वाजून वीस मिनिटांनी परत आलो, तर मामा नाहीत. हाक मारली, नुसता माझाच आवाज परत आला. थांबलो असतो तर पाच मिनिटांत घंटा झाली असती आणि सगळं उघडं पडलं असतं. म्हणून मी सायकल उलटी केली आणि हातानं पायडल फिरवत बसलो. येतील, आता येतील. भिंतीवरचा फोन वाजला, मुकादम विचारत होता उशीर का. एका हातानं फिरवत म्हणालो, चेन उतरलीय. तो म्हणाला, मामांचा आकडा छान आहे, त्यांना घेऊनच ये. अर्धा तास फिरवलं. मग हात काढला.

घंटा झाली, गाडी आली. मामा फाट्यापासून हाकेच्या पलीकडेच, वळणावर पडलेले होते. सकाळीच पडले असणार, कारण डबा भरलेला होता. डावी बाजू गेली होती. डोळे उघडे होते, आणि त्यांनी मला ओळखलं.

दवाखान्यात दोन वाजले. डॉक्टरीणबाईंनी मुकादमानं आणलेला मीटरच्या आकड्यांचा कागद बघितला. त्यावर मामांचे पाय बारा वाजून पन्नासपर्यंत फिरत होते. बाईंचा चेहरा खुलला. म्हणाल्या, वेळेत आणलंत. मेंदूत रक्ताची गाठ अडकलीय, ती विरघळवायची सुई आहे, पण साडेचार तासांच्या आत द्यावी लागते, नंतर दिली तर डोक्यात रक्त फुटून माणूस जातो. नर्सनं सुई भरली. मुकादम माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाला, तुझ्या मीटरनं मामा वाचवला.

मी सांगितलं की कागद खोटा आहे. ते पाय माझे होते, मामांना मी शेवटचं सव्वासातला चालताना पाहिलं. दोनदा सांगावं लागलं.

बाईंनी घड्याळाकडे बघितलं आणि भरलेली सुई ट्रेमध्ये ठेवली. म्हणाल्या, आता ही देता येणार नाही. मामांचा उजवा हात माझ्या हातात होता. त्यांनी ऐकलं का, मला माहीत नाही. हात त्यांनी सोडवून घेतला.

तू ये. लोभ असू दे, असं आज लिहवत नाही.

भिंगरी