समोरची वेताची खुर्ची

सोमवार, २ मार्च
आले एकदाची! समुपदेशन केंद्राच्या वरचीच खोली राहायला मिळाली. खिडकीत सकाळचं ऊन, नळाला पाणी. आणखी काय हवं? चाळीस वर्षं शिवणयंत्रावर बसले. मापं घेताना माणूस किती मोकळं बोलतं ते तिथेच कळलं. मग पुस्तकं वाचली, परीक्षा दिली आणि साठी उलटल्यावर समुपदेशक झाले. माझी रीत साधी. आधी जोडप्याला एकत्र ऐकायचं, मग एकेकाला. बाजू कुणाचीच घ्यायची नाही.

बोलायच्या खोलीत वेताची एक जादा खुर्ची आहे. ज्याच्या तोंडावर सांगवत नाही, तो तिथे बसलाय असं समजून मनातलं सगळं बोलायचं. एकट्यानं, आतून कडी लावून. ही आधीच्या बाईंची पद्धत. नोंदवही सांभाळणाऱ्या बाईंनी सांगितली. त्यांना मी मनात चौकशीबाई म्हणते, कारण दारातच माझं वय आणि गुडघे विचारून झाले.

लेकीला पत्र टाकलं. नऊ वर्षांचा अबोला आहे. तिच्या लग्नाला मी गेले नाही, हट्ट माझाच. लिहिलं, माझ्याशी बोलवत नसेल तर ये आणि त्या खुर्चीशी बोल.

गुरुवार, ५ मार्च
चष्म्याच्या दुकानातलं जोडपं आलं. नवरा कपाळावर चढवलेला चष्मा खिशात शोधत होता. बायकोनं न बोलता बोट दाखवलं. गिऱ्हाइकांशी गोड बोलतात, घरी तोंड शिवलेलं, ही तिची तक्रार. नवऱ्याला बाहेर बसवून तिला खुर्चीसमोर बसवलं. वीस मिनिटांनी बाहेर आली ती तोंड धुतल्यासारखी. मलाही बरं वाटलं. वर येऊन सवयीनं दोन कप चहा केला. एक ओतून दिला.

गुरुवार, १२ मार्च
चष्मेवाली एकटीच आली. नवऱ्याचं विचारलं, तर हसली. म्हणाली, "ताई, माझं लग्न कुठे झालंय? एकटेपणा खातो म्हणून तर येते तुमच्याकडे." नोंदवहीत तिचं एकटीचंच नाव. माझ्या या वहीत मात्र दोघं आहेत. जाताना तिनं पर्समधून एक चष्मा काढून दाखवला. कुणाचा कोण जाणे, म्हणाली, नंबर माझा नाही. पण टाकवत नाही.

सोमवार, १६ मार्च
गेल्या आठवड्यात एक बसचालक खुर्चीसमोर भावावर तासभर चिडला होता. आज सांगतो, मी एकुलता एक.
चौकशीबाईंना विचारलं, आधीच्या बाई गेल्या कुठे? म्हणाल्या, आधीच्या कोण? पहिल्या तुम्हीच.
त्या बाईंनाही खुर्चीत बसल्यात असं समजून कुणीतरी –

मंगळवार, १७ मार्च
खुर्ची अडगळीच्या खोलीत नेऊन ठेवली. कुलूप घातलं, किल्ली चौकशीबाईंना दिली. उघडू नका म्हटलं. कारण काय सांगणार?
लेकीचं पत्र आलं. गुरुवारी दुपारी येते, एवढंच. चारदा वाचलं. दोन्ही कप घासून ठेवले.

गुरुवार, १९ मार्च
लवकर आली ती. मी वर चहाच्या तयारीत. खाली येऊन बघते तर बोलायच्या खोलीची कडी आतून.
चौकशीबाई म्हणाल्या, तिनं पत्र दाखवून वेताची खुर्ची मागितली. आईनंच लिहिलंय म्हणाली. म्हणून काढून दिली.
दार ठोठावतेय. आवाजच होत नाही –
चौकशीबाई विचारतात, तुम्ही कोण? कुणाला भेटायचंय?
वहीची पहिली पानं कोरी. हात चालतोय तोवर मी आहे. लिहीत राहायचं –
आतून तिचा आवाज. नऊ वर्षांनी.
"आई, हार घालेपर्यंत मी दाराकडेच बघत होते गं."
ओरडले तर कदाचित ऐकेल. थांबेल. मग पुन्हा कधी बोलेल –
नको. बोलू दे.
"आई, मला तुझ्यावर रागावायचंच नव्हतं, मला फक्त –"
बोल बाळा. ऐकतेय. मी इथेच आ