तिवराच्या झाडावर साडेतीन तास

तीर्थरूप भाऊजींना धाकट्या भावजयीचा वाकून नमस्कार. (गुडघा धरलाय, म्हणून कागदावरच वाकते.) जाऊबाईंचा खोकला उतरला का? इकडे सगळे ठणठणीत, माझं डोकं तेवढं फिरलंय.

कारण असं की, घरामागची तिवरं तोडा, त्यांच्यामुळे समुद्र दिसत नाही, असा अर्ज कुणा शहाण्याने दिलाय. अहो, समुद्र आपल्याला दिसत नाही म्हणूनच आपणही त्याला दिसत नाही. त्या मुळांत खेकडे नि कोळंबी वाढते, त्यावर माझी चूल पेटते. मागच्या वादळात तुमचे भाऊ होडीसकट त्याच झाडांत अडकले, म्हणून आज समोर बसून जाळं विणताहेत (आणि कालवणात मीठ कमी म्हणून कुरकुरताहेत).

मंगळवारी मोजणीसाहेब आले. म्हटलं, अकराला पाणी चढेल, त्याआधी बाहेर या. त्यांच्याकडे भरतीचं छापील वेळापत्रक होतं. ते दुसऱ्याच बंदराचं निघालं. तोडायच्या झाडांना लाल फिती बांधत साहेब आत आत गेले, एक बूट चिखलाने ठेवून घेतला आणि पाणी कमरेला लागल्यावर साहेब झाडावर. मी होडी नेली ती माणुसकी म्हणून, पण दहा हात अलीकडे थांबवली. फिती सोडा, मग होडीत घेते, म्हटलं. म्हणाले, हा सरकारी कामात अडथळा आहे. म्हटलं, असेल, पण सध्या तुम्ही त्याच अडथळ्याला मिठी मारून बसलाय. साडेतीन तास तग धरला हो त्यांनी, मुंग्या चावत असताना. मग हाताला येतील तेवढ्या फिती मुकाट्याने सोडल्या. घरी आणून चहा पाजला, तुमच्या भावांचा पायजमा दिला. आता मला नोटीस आलीय, सोमवारी हजर व्हा. होणार. झाडाला हात लावायचा तर आधी मला उचलून बाजूला ठेवावं लागेल, आणि माझं वजन तुम्हाला ठाऊक आहे.

बाकी मुलांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नका.

आपली, कुणाच्या बापाला न भिणारी,
भावजय

ता.क. साहेबांची पँट वाळत घालताना खिशात तो अर्ज सापडला. चुलीपाशी मीच सुकवला. खाली सही तुमची आहे.

आणखी एक. अर्ज मी तांदळाच्या डब्यात लपवलाय. तुमच्या भावांना अजून वाटतंय, सोमवारी दादा आपल्या बाजूने बोलायला येणार. तेव्हा या, आणि अर्ज मागे घ्या. मी त्यांना कधीच सांगणार नाही.