डोहाकाठच्या जमिनीविषयी माझी अखेरची इच्छा

मी, मल्हारी गोटीराम पगार, वय ७२, ओझरच्या विमान कारखान्यातील निवृत्त फिटर, राहणार गंगापूर रोड, नाशिक, शुद्धीवर असताना आणि कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे, हे लिहून ठेवतो. डॉक्टरांनी मला तपासले आहे. मी रागात आहे हे खरे. पण राग म्हणजे भ्रम नव्हे.

१. राहते घर मी स्वतःच्या कमाईतून बांधले. ते माझी मुलगी चैताली हिला मिळावे. बँकेतील ठेवीही तिच्याच.

२. गिरणारे बाजूची नदीकाठची जमीन, जिच्या उताराला लागून डोह आहे, तीही चैतालीची. कारण सांगणे भाग आहे.

सुटीच्या दिवशी मी तिथे गळ टाकत असे. एका पावसाळ्यात मोठी महाशीर लागली. माझी पत्नी कै. विमलाबाई डबा घेऊन काठावर बसली होती. माहेर सटाण्याकडचे. मासा पाहून ती म्हणाली, "भरेल पोटनी शे ती. सोडी द्या." पोटात अंडी असलेली ती महाशीर मी ओल्या हातांनी पाण्यात धरली, तोंड प्रवाहाकडे. दम परत आल्यावर तिने शेपटीचा असा फटका दिला की माझे मनगट दुखले. तो आनंद मला तळलेल्या तुकडीत कधी मिळाला नव्हता. तेव्हापासून मी गळाची उलटी नखी पकडीने दाबून टाकू लागलो, म्हणजे गळ सहज निघतो. आणि धरलेला मासा सोडू लागलो. मोठी मादी जगली तरच डोहात पिल्ले होतात. लोक वेडा म्हणाले. म्हणोत.

पोटासाठी मासे मारणाऱ्याशी माझे भांडण नाही. वाळू भोई याच डोहात जाळे टाकून संसार चालवत होता. त्याला मी कधी अडवले नाही.

३. माझा मुलगा रवी बांधकामाचे ठेके घेतो. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात त्याने पाहुणे आणले आणि खडक फोडायची जिलेटिनची कांडी डोहात टाकली. चैताली आणि मी पोहोचलो तेव्हा पाणी पांढऱ्या पोटांनी झाकले होते. बोटाएवढी पिल्लेसुद्धा. मी काही बोलण्याआधी रवीच म्हणाला, "नाना, तुम्ही तोंडात गळ टोचून खेळता ते चालतं? आम्ही निदान खातो."

याचे उत्तर इथे देतो. होय, माझा गळ टोचतो. त्या वेदनेचा धनी मीच. पण मी गेल्यावर डोहात मासा उरत होता. तू गेल्यावर वाळूला जाळे विकून सातपूरला हमालीला जावे लागले.

मी पोलिसांत तक्रार दिली. चैतालीने भावाविरुद्ध जबाब दिला. नातेवाईक तिला म्हणाले, "माशांसाठी भाऊ तोडलास?" त्यांच्यापैकी कोणी माझ्या दहाव्याला येऊ नये. आले तर जेवायला वाढू नये.

४. डोहात पाच वर्षे कोणीही गळ किंवा जाळे टाकू नये. मीही बंद केले आहे. नंतर वाळूला जाळे टाकायचा पहिला हक्क. माझ्या काठ्या आणि रीळ चैतालीची मुलगी वेदिका हिला. सोडायला शिकल्यावरच वापराव्यात.

५. रवीला माझ्या मिळकतीतून काहीही नाही. अग्नी चैतालीने द्यावा.

६. रवी कोर्टात जाईल, हे मला ठाऊक आहे. न्यायाधीश महाराजांना माझी विनंती एवढीच की त्याला एक प्रश्न विचारावा : त्या दिवशी किती मासे खाल्लेस? तो सांगणार नाही, म्हणून मी सांगतो. पाहुण्यांना वास सहन झाला नाही. सगळे मासे उन्हात टाकून ती मंडळी हॉटेलात मटण खायला गेली.

वाचून, समजून सही केली.
मल्हारी गोटीराम पगार

आमच्यासमक्ष सही झाली :
१) डॉ. ज्योत्स्ना विलास देवरे, गंगापूर रोड
२) साधना यशवंत गांगुर्डे, शेजारी

नाशिक, ९ फेब्रुवारी २०२५