धडगावची सवत

ब्राह्मणपुरी, तालुका शहादा
भाद्रपद, १९६६

प्रिय रूपलीबाई,

हे पत्र दोन अडाणी बायांचं, म्हणून मध्ये दोन शहाणे लागले. मी आमच्या घरच्या बोलीत सांगते, माझी थोरली सून मंगला ते शाळेच्या मराठीत उतरवते, आणि तुमच्या धडगावचे मास्तर ते तुला पावरीत वाचून दाखवतील. तुझ्या कानापर्यंत येताना माझं बोलणं तीन लुगडी बदलून येणार. तरी तू ओळखशील. मी जसोदा, सुकलालची आई. तेरा वर्षांपूर्वी तुझ्या घरी दोन दिवस राहून गेले होते. तेव्हा केस काळे होते, जीभ मात्र आताएवढीच लांब होती.

सुकलालचे बापू आषाढात गेले हे तुला तुझ्या घरधन्याने, जामसिंगने सांगितलं असेलच. केळीला पाणी देऊन आले, ओट्यावर बसले, मला पाणी मागितलं. मी नेहमीसारखं आतूनच म्हटलं, हात आहेत ना, घ्या ओतून. मग तांब्या घेऊन बाहेर आले तर मान भिंतीला टेकलेली. बत्तीस वर्षांच्या संसारात त्यांनी माझं एकदाच ऐकलं नाही, ते त्या दिवशी.

माझं तुझ्याकडे एक मागणं आहे. तू नाही म्हणू शकतेस, तुला तसं कारण आहे, म्हणून आधी माझी बाजू सगळी सांगते. आणि त्याआधी एक कबुली देते. इतकी वर्षं मी तुला माझी सवत म्हणत आले.

रागावू नको. दर कार्तिकात, पाऊस उघडून रस्ता वाळला की, सुकलालचे बापू धडगावला निघायचे. कशाला, तर आमचूर घ्यायला. आमचूर उन्हाळ्यात होतो एवढंही या बाईला कळत नसेल असं त्यांना वाटायचं. येताना कधी पायलीभर आणायचे, कधी विसरायचे. हातांवर मात्र दर वेळी ओरखडे, काही खोल, काही नुसते लाल. मी हात धुवायला पाणी घालता घालता म्हणायचे, सवतीची नखं वाढलेली दिसतात. ते हात धुवत राहायचे. मी आणखी चेव चढून सुनांसमोर म्हणायचे, गल्लीतल्या बायांसमोर म्हणायचे. जसोदाबाईची सवत डोंगरात राहते हे आमच्या गावात लहान पोरांनासुद्धा ठाऊक होतं. आधी ती नुसती गंमत होती. पुढे पुढे कार्तिक जवळ आला की मी भांडी आपटायला लागायचे. तू माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, अंगाने उंच. एका वर्षी तर मी शिदोरी बांधून दिली नाही. म्हटलं, जिच्याकडे चाललात तिच्याकडेच जेवा. ते तसेच निघाले. दारातून वळून म्हणाले, बरं. एवढंच.

आता मूळ गोष्टीकडे येते. तुला ती ठाऊक आहे, पण मी कधी कुणाला सांगितलेली नाही. मंगला आज पहिल्यांदा ऐकते आहे.

दोन मुलगे झाल्यावर नऊ वर्षांनी मला मुलगी झाली. रेवा. मुलगी व्हावी म्हणून मीच नर्मदेला बोलले होते, की झाली तर वर्षाच्या आत तिचं जावळ तुझ्या काठावर काढीन. मुलीच्या जावळासाठी डोंगर ओलांडायचा म्हटल्यावर सासूबाई हसल्या, जावा हसल्या. मी हट्टाला पेटले. लाकडाच्या ठेकेदाराचा ट्रक धडगावला जायचा, त्याचा ड्रायव्हर भिला आमच्या ओळखीचा. धडगावपर्यंत ट्रकने, पुढे नर्मदेपर्यंत पायी, असं ठरलं. लग्नानंतर आम्ही दोघं पहिल्यांदाच घराबाहेर एकत्र निघालो होतो. मी ड्रायव्हरशेजारी पदर ओढून बसलेले, मांडीवर पोर, आणि सुकलालचे बापू मागे उघड्या हौद्यात उभे. घाटात वळण आलं की ते मागून काच ठोकायचे, खाली बघ म्हणून. मी पदराआडून बघायचे. आमच्या सपाटीच्या गावात खाली बघायला काही नसतं, रूपली. मला फार मजा वाटली होती, खोटं कशाला बोलू.

पोरीचं अंग म्हसावदलाच तापलं होतं. ट्रक चहाला थांबला तेव्हा त्यांनी तिच्या कपाळाला हात लावला. तिथे आम्ही जे बोललो ते आमच्याच बोलीत राहू दे, असं मी मंगलाला बजावलं आहे. ते म्हणाले, "पोर तपेल शे. परत फिरूत." मी म्हटलं, "नवस मन्हा शे, तुमना नही."

ते परत मागे जाऊन उभे राहिले.

पुढचं तुझ्या दारातलं. गावाच्या अलीकडे ट्रकच्या स्प्रिंगचा पाटा तुटला, भिला दुसरा आणायला शहाद्याकडे गेला, आणि तुझं घर रस्त्याला लागून म्हणून आम्ही तुझ्याकडे उतरलो. दोन दिवस. तू शेळीचं दूध कोमट करून बोटाने तिच्या ओठांना लावलंस, कसला तरी पाला ठेचून छातीवर लावलास. तुझी भाषा मला येत नव्हती, माझी तुला. मला तेवढ्यातही वाटत होतं की उतरेल ताप, परवा नर्मदेवर पोहोचू. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत, पुरतात, आणि आमच्यात आईने तिथवर जायचं नसतं. सुकलालचे बापू आणि जामसिंग तिला घेऊन निघाले. मी उठले, तर तू माझा पदर पायाखाली दाबून बसलीस. मी तुला बुक्के मारले, आठवतं? तू हलली नाहीस. त्याचा राग माझ्या मनात फार वर्षं होता. ते ऊन कलल्यावर परत आले, कोपरापर्यंत मातीने भरलेले. मी कुठे ते विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. घरी आल्यावरही नाही. तेरा वर्षांत तिचं नाव आमच्या घरात कुणी घेतलं नाही. मला वाटायचं, पुरुषाचा जीव, विसरला असेल. नवस माझा, हट्ट माझा, तेव्हा दुःखही माझं एकटीचंच, असा माझा हिशेब होता.

मग गेल्या महिन्यात जामसिंग दुखवट्याला आला. मी आत माजघरात, तो ओट्यावर सुकलालशी बोलत होता. यांचं नाव घेऊन म्हणाला, "दगाभाई नाहीत, तर यंदा पोरीभोवतीचे काटे मीच बांधतो. पावसात कुंपण बसतं, मग डुकरं उकरतात."

दर कार्तिकात ते काटे तोडायचे आणि हाताने बांधायचे. आणि मी त्या हातांवर पाणी घालत काय काय बोलले. एकदा तरी म्हणायचं होतं त्यांनी, बाई, गप बस. उपाशी निघाले तेव्हाही बरं म्हणाले.

जनरीत सोडून मी ओट्यावर आले, डोक्यावरचा पदर तसाच खाली घसरलेला, आणि जामसिंगला विचारलं, जागा कुठे? तो मान खाली घालून म्हणाला की दगाभाईने आम्हा दोघांना शपथ घातली आहे. पोरीच्या आईला जागा दाखवायची नाही, ती तिथे बसली तर उठणार नाही. मी म्हटलं, शपथ घालणारा गेला. तो म्हणाला, म्हणून तर मोडता येत नाही. रूपलीला विचारा, ती म्हणेल तसं.

म्हणून हे पत्र. रूपली, सुकलालचे बापू खोटं बोलले नव्हते. तेव्हा तू पाय काढला असतास तर मी खरंच उठले नसते, तिथेच माती खाल्ली असती. त्यांनी मला बरोबर ओळखलं होतं. मी त्यांना ओळखलं नाही. पण आता मी वेगळी आहे. गुडघे दुखतात, नातवंडं मागे लागतात, मंगलाला पाचवा महिना आहे आणि तिचं बाळंतपण मलाच करायचं आहे. कार्तिकात रस्ता वाळला की मी एसटीने येईन. जामसिंगला म्हणावं काटे तोडून ठेव, पण बांधू नको. ते मी बांधीन. तू फक्त पुढे चाल आणि कुठे थांबायचं तिथे थांब. मी तिच्यापाशी थोडी बसेन, तिच्या बापाच्या चार गोष्टी तिला सांगेन, कारण तिला सांगायला आता दुसरं कुणी येणार नाही. आणि मग उठेन. तुला माझ्या सुकलालची शपथ घेऊन सांगते, मी उठेन.

तुझीच,
जसोदा
(खाली अंगठा माझा आहे, शाई मंगलाची)